58 हजारांची पैठणी आणि पदरामागची जाळी

या वेळचं पत्र पुण्याहून आलंय. खाली सही 'गोंधळलेली नवरी'. पत्र बरंच लांब होतं, त्यात नणंदेचा एक पॅरा होता, तो मी गाळला.

"ताई, मी आयटीत आहे. माझं लग्न मार्गशीर्षात आहे, म्हणजे अजून अडीच महिने आहेत. विधींसाठी पैठणी घ्यायची हे आईने माझ्या जन्माच्या वेळीच ठरवलं असावं. गेल्या रविवारी मी, आई आणि दादा एका मोठ्या दुकानात गेलो. तिथे तीन साड्यांवर गाडी अडली. एक 4,800 ची, एक 22 हजारांची आणि एक 83 हजारांची, जी लग्नसराई ऑफरमध्ये 30 टक्के कमी करून 58 ला देतो म्हणाले. तिन्ही 'ओरिजिनल येवला पैठणी, प्युअर सिल्क' असं दुकानदाराने सांगितलं. आई म्हणते 58 चीच घे, जास्त पैसे दिले की माणूस फसत नाही. दादा म्हणतो सगळा माल एकाच ठिकाणाहून येतो, टॅग फक्त वेगळे लावतात, 4,800 ची घे आणि उरलेल्या पैशात फिरायला जा. मला खरं तर 22 ची आवडली होती, पण आईने ती उलटसुलट करून बघितली आणि म्हणाली यातले मोर एकसारखे नाहीत, एकाची मान जाड आहे, डिफेक्टिव्ह पीस आहे. 58 वाली मात्र एकदम परफेक्ट, सगळे मोर छापल्यासारखे, आणि पदराच्या मागून बारीक जाळीचं अस्तर लावलेलं होतं, विणकाम नाजूक आहे म्हणून प्रोटेक्शनसाठी असं ते म्हणाले. बजेट 60 पर्यंत आहे, म्हणजे पैशाचा प्रश्न नाही. प्रश्न हा आहे की जास्त पैसे दिले तर खरंच चांगली क्वालिटी मिळते का, की आपण उगाच मनाचं समाधान विकत घेतो? आणि येवल्याला जाऊनच घ्यावी का?"

अगं नवरी,

आधी अभिनंदन. आणि तू साडीच्या मागच्या बाजूचं मला लिहिलंस ते फार बरं केलंस, कारण बहुतेक जणी फक्त रंग आणि किंमत लिहितात आणि मग विचारतात ताई घेऊ का. तुझ्या पत्रातलं अर्धं उत्तर त्या जाळीत आहे. पण जाळीवर नंतर येते, आधी आई आणि दादा यांचं भांडण मिटवू, कारण माझ्या मते दोघंही चुकतायत आणि दोघांच्याही म्हणण्यात थोडं थोडं खरं आहे.

पैठणीच्या बाबतीत कमी किंमत बऱ्यापैकी खरं बोलते, जास्त किंमत खरं बोलेलच असं नाही. हे एकदा डोक्यात बसलं की पुढचं सगळं सोपं आहे. कसं ते बघ. हातमागावरच्या पैठणीत पदरावर जरीची जमीन असते आणि त्यात मोर, मुनिया म्हणजे पोपट, कमळ, आसावलीची वेल हे सगळं रंगीत रेशमाने भरलेलं असतं. ते भरणं म्हणजे वरून भरतकाम नव्हे, विणतानाच प्रत्येक रंगाची वेगळी छोटी कांडी घेऊन ताण्याचे म्हणजे उभे धागे मोजत मोजत तेवढ्याच जागेत तो रंग फिरवायचा, मग पुढचा रंग, जिथे दोन रंग भेटतात तिथे धागे एकमेकांत अडकवायचे, आणि अशी एक ओळ झाली की दुसरी. दिवसभर बसलं तरी भरलेला पदर थोडाच पुढे सरकतो. साधा काठ आणि साधा पदर असला तरी आठवडे जातात, अंगभर ब्रोकेड म्हणजे विणलेली भरगच्च नक्षी असेल तर महिने, आणि फारच भरगच्च काम असेल तर वर्षसुद्धा. आता हिशोब कर, तू आयटीतली आहेस म्हणजे एक्सेल उघडशीलच. धर विणकराला दिवसाला फक्त 400 रुपये सुटतात, जे खरं तर फार कमी आहेत, आणि साडी वीस दिवसांत झाली, तर मजुरीचेच आठ हजार झाले. शिवाय रेशीम, जे किलोला काही हजार रुपयांना मिळतं, शिवाय जर, रंगणावळ, व्यापारी, दुकानाचं भाडं, एसी, तुम्हाला पाजलेला चहा. मग 4,800 मध्ये हातमागाची शुद्ध रेशमी पैठणी कशी बसणार? बसत नाही. ती पॉवरलूमची म्हणजे यंत्रमागाची आहे, आणि बहुतेक रेशमात पॉलिस्टर मिसळलेलं असणार किंवा पूर्णच पॉलिस्टर असणार.

म्हणजे दादाचा 'सगळं एकच असतं' हा सिद्धांत इथे आपटतो. सगळं एकच नसतं.

पण आता आईचा सिद्धांत घे. पॉवरलूमची साडी 4,800 ला विकता येते तशी 14 हजारांना पण विकता येते आणि 58 ला पण, तिला वरच्या बाजूने कुणी अडवत नाही, अडवणार तो फक्त गिऱ्हाईकाचा डोळा. हातमागाची साडी मात्र 4,800 ला विकणं कुणालाच परवडणार नाही. म्हणून किंमत एका बाजूनेच पुरावा देते. हापूसचंही हेच आहे बघ, मार्च महिन्यात दोनशे रुपये डझनाने कुणी देवगड देतोय म्हणाला तर तो देवगड नाही हे नक्की, पण दोन हजार रुपये डझनाने दिला म्हणजे पेटीत कर्नाटकातला आंबा नाहीच याची काही खात्री नाही.

आई चुकतेय म्हणून तिच्यावर हसू नकोस हं. ज्या वस्तूतलं आपल्याला कळत नाही तिथे माणूस किंमत बघतो, सगळेच बघतात. 2008 साली अमेरिकेतल्या कॅलिफोर्नियातला एक प्रयोग प्रसिद्ध झाला होता, त्यात लोकांना वाइन प्यायला दिली आणि तीच वाइन दोनदा दिली, एकदा कमी किंमत सांगून आणि एकदा जास्त. लोकांना महागवाली जास्त आवडली, आणि मेंदूचं स्कॅनिंग चालू होतं त्यात आनंद मोजणारा भागही महागवालीच्या वेळी जास्त जागा झालेला दिसला. म्हणजे ते खोटं बोलत नव्हते, त्यांना खरंच ती जास्त चांगली लागली! त्या दुकानात गादीवर बसून, समोर आरसा, खांद्यावर 83 हजारांचा टॅग असलेला पदर, तुझ्या आईला ती साडी जास्त सुंदर दिसली असेल तर तेही खरंच दिसली असणार. आणि दुकानदार काही दूधखुळे नसतात, 83 वर काट मारून 58 लिहिलं की 58 स्वस्त वाटायला लागतात, तुम्ही 22 च्या साडीशी तुलना करायचं विसरता आणि 83 शी करत बसता. 83 हा आकडा ठरवला कुणी? त्यांनीच ना. कारखान्यातून पॅक होऊन छापील किमतीसह येणाऱ्या मिक्सरसारखी ती गोष्ट नाही, साडीच्या टॅगवर काय लिहायचं ते दुकान ठरवतं.

आता ती जाळी.

नीट विणलेल्या हातमागाच्या पैठणीच्या पदराला मागून अस्तर लागत नाही. पदराची मागची बाजू आणि पुढची बाजू जवळजवळ सारखीच दिसते, कारण मी वर सांगितलं तसं प्रत्येक रंगाचा धागा आपल्या जागेतच फिरतो आणि शेजारच्याशी अडकवलेला असतो, मागून लांबलचक सुटा धागा ओढलेला नसतो. जॅकार्ड हे नक्षीचं यंत्र लावलेल्या पॉवरलूमवर नक्षी केली की रंगीत धागे मागून या मोरापासून त्या मोरापर्यंत आडवे जातात, मग ते कापून टाकतात आणि मागे त्यांची झालर राहते, बोट फिरवलं की केसाळ लागतं, बांगडीत अडकतं. ते अडकू नये आणि दिसूही नये म्हणून मागून जाळी लावतात. सेमी पैठणीत, म्हणजे पैठणीसारख्या दिसणाऱ्या पॉवरलूमच्या साडीत, हे सर्रास असतं आणि त्यात काही गैर नाही, फॉल-पिको करतो तशी ती एक सोय आहे. गैर हे आहे की 58 हजारांना विकताना त्याला 'नाजूक विणकामाचं प्रोटेक्शन' म्हणायचं. मी ती साडी बघितलेली नाही, त्यामुळे शंभर टक्के पॉवरलूम असं लिहून देत नाही, पण तुझ्या जागी मी असते तर दुकानदाराला एवढंच म्हटलं असतं, भाऊ, ही जाळी एका कोपऱ्यात थोडी उसवून दाखवता का? आणि मग गप्प बसून त्यांचा चेहरा बघितला असता. ज्याचं काम मागूनही स्वच्छ असतं तो आनंदाने दाखवतो, किंबहुना येवल्यात तर विचारायच्या आधीच पदर उलटा करून दाखवतात, त्यांच्यासाठी तीच तर जाहिरात.

आणि जाड मानेचा मोर! अगं ती 22 ची साडी आईने जिथे नापास केली तिथेच बहुतेक ती पास झाली होती. माणूस धागे मोजत विणतो तेव्हा एक मोर दुसऱ्यासारखा तंतोतंत होत नाही, पाकळी इथे दोन धागे जास्त, तिथे कमी, बांगडीच्या गोल नक्षीतला मोर एकीकडे किंचित सरकलेला. मशीनचे मोर छापल्यासारखे असतात कारण ते एका अर्थी छापलेलेच असतात. तुझ्याच पत्रात 'छापल्यासारखे' हा शब्द आहे, तू कौतुकाने लिहिलायस.

पण इथे एक सावधगिरी, कारण ही गोष्ट आता दुकानदारांनाही पाठ झालीय आणि कुठलाही डाग दाखवला की 'मॅडम हँडमेड आहे ना' असं म्हणतात. नक्षीत थोडा फरक म्हणजे हात. पण ताणा तुटून उभी रेघ पडलेली असेल, विणीत विरळ पट्टा असेल, काठ आणि अंग जिथे जुळतं तिथे कापड खेचल्यासारखं सुरकुतत असेल, ओल्या पांढऱ्या रुमालावर रंग उतरत असेल, तर ते वाईट काम आहे, हातमागावरचं वाईट काम. हातमाग आहे म्हणून चांगलंच असतं असंही नाही ना. तेव्हा 22 वाली पुन्हा बघायला जाशील तेव्हा दुकानातल्या पिवळ्या लाइटखाली बघू नकोस, दाराशी उजेडात ने, सगळी उलगड, सहावार म्हणजे सहावार, आणि आरपार बघ. दुकानदार कुरकुर करेल, करू दे. 22 हजार देतेयस.

आता लेबलांचं. आई म्हणेल उलटसुलट बघून आपल्याला काय कळतंय, काहीतरी सर्टिफिकेट असेलच ना. आहे, पण कोणतं लेबल काय सांगतं हे माहीत हवं. सिल्क मार्क नावाचं एक लेबल असतं, 2004 पासून आहे, सेंट्रल सिल्क बोर्डाच्या आधाराने चालतं, त्यावर होलोग्राम आणि नंबर असतो. ते एवढंच सांगतं की हे शुद्ध नैसर्गिक रेशीम आहे. हातमागावर विणलंय की पॉवरलूमवर हे ते सांगत नाही! पॉवरलूमवर शुद्ध रेशमाची साडी विणली तर तिलाही सिल्क मार्क मिळतो आणि तो बरोबरच मिळतो. हातमागासाठी वेगळा हँडलूम मार्क आहे, 2006 पासूनचा. आणि पैठणीला जीआय आहे, म्हणजे भौगोलिक मानांकन, तोसुद्धा नावाचा आणि पद्धतीचा हक्क आहे, प्रत्येक साडी कुणी तपासून पाठवली असा त्याचा अर्थ होत नाही. दुकानात भिंतीवर जीआयचा मोठा बोर्ड असला म्हणून कपाटातला प्रत्येक पीस त्यात आला असं समजू नकोस. तुला हवेत ते सिल्क मार्क आणि हँडलूम मार्क असे दोन्ही, त्याच साडीला लावलेले, आणि नुसतं शोकेसमध्ये फ्रेम केलेलं नको.

सोन्यात हे किती सोपं करून टाकलंय बघ. 1 एप्रिल 2023 पासून सहा अक्षरी एचयूआयडी (प्रत्येक दागिन्याचा वेगळा ओळख क्रमांक) नसलेला हॉलमार्कचा दागिना दुकानदाराला विकता येत नाही, तो नंबर बीआयएस केअर अॅपमध्ये टाकला की शुद्धता समोर येते, मग दुकान छोटं असो की मॉलमधलं, 22 कॅरेट ते 22 कॅरेट. तिथे तू मोठ्या शोरूममध्ये जास्त मजुरी दिलीस तर ती डिझाइनची आणि शोरूमची, सोनं त्याने जास्त शुद्ध होत नाही आणि मोडायला गेलीस की ती मजुरी परतही मिळत नाही. साडीला असं मोजायचं यंत्र नाही म्हणून लोक टॅगकडे बघतात. (मंगळसूत्र घेताना हे आठव, त्याचं पत्र वेगळं पाठवू नकोस.)

जरीचंही थोडं सांगते कारण किमतीचा मोठा भाग तिथे लपलेला असतो आणि तिथेच सगळ्यात जास्त गोलमाल होते. जर तीन प्रकारची असते, खरी जर म्हणजे चांदीच्या तारेवर सोन्याचा मुलामा, दुसरी टेस्टेड जर ज्यात आत तांब्याची तार, आणि तिसरी इमिटेशन, प्लास्टिकवर चमक. आजच्या बहुतेक पैठण्यांत खरी जर नसतेच, पूर्वीच्या आजीच्या पैठण्या मोडून चांदी काढायचे ते दिवस गेले, आणि नसली तरी काही बिघडत नाही, चांगली टेस्टेड जर वर्षानुवर्षं छान राहते. मात्र 'प्युअर जरी' म्हणून कुणी वरचे पंधरा-वीस हजार मागत असेल तर ते शब्द बिलावर आले पाहिजेत. बिलावर 'साडी 1 नग' असं लिहून देतात ना, तसं नको. बिलावर हातमाग, शुद्ध रेशीम ताणा-बाणा (उभे-आडवे धागे) दोन्ही, जर कोणती, हे लिहून द्या म्हणायचं. तोंडी 'ओरिजिनल' म्हणायला काही लागत नाही, लिहून द्यायची वेळ आली की माणूस अडखळतो. आणि लिहून दिलेलं खोटं निघालं तर 2019 च्या ग्राहक संरक्षण कायद्याखाली तक्रार करता येते, 1915 हा राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनचा नंबर आहे. बिलाशिवाय कॅशमध्ये थोडी कमी करून देतो म्हणाले तर घेऊ नकोस, त्या कमी केलेल्या पैशांसाठी तू हातातला एकमेव कागद सोडून देतेस.

जाळून बघायची टेस्ट तुला मैत्रिणींनी सांगितलीच असेल. खरी आहे ती, रेशमाचा धागा हळू जळतो, केस जळल्यासारखा वास येतो आणि राख बोटाने चुरगळते, पॉलिस्टर वितळून कडक मणी होतो. पण बहुतेक जणी पदराच्या टोकाचे लोंबणारे धागे काढून जाळतात आणि खूश होतात. ते ताण्याचे धागे असतात. ताणा रेशमाचा आणि बाणा पॉलिस्टरचा अशा साड्या ढिगाने मिळतात, म्हणून आडवा धागाही काढून बघायला हवा, तो काठाच्या कडेला मिळतो. दुकानात काडेपेटी काढू नकोस म्हणजे झालं, हे घरी, नाहीतर त्यांच्या परवानगीने.

बरं आता समजा 58 ची साडी खरोखरच हातमागाची निघाली, जाळीमागे सगळं स्वच्छ, दोन्ही लेबलं, बिलावर सगळं लिहून दिलं. मग ती 22 पेक्षा 'चांगली' आहे का? इथे मला तुझ्या प्रश्नातच थोडी गडबड वाटते. हातमागात किंमत कशाने चढते तर मेहनतीने. पदर लांब केला, अंगभर बुट्टी घातली, एका मुनियाऐवजी काठावर तीन ओळी मुनिया घातल्या, की विणकराचे दिवस वाढतात आणि ते दिवस तू विकत घेतेस, ते योग्यच आहे. पण त्याने साडी जास्त टिकत नाही, जास्त मऊ पडत नाही, उलट ब्रोकेड जड होते, आणि तू ती नेसून होमासमोर दोन-तीन तास धुरात बसणार आहेस, मग सप्तपदी, मग फोटो, मग लोकांच्या पाया पडणं. साध्या पदराची, बारीक बुट्टीची, नारळी काठाची साडी अंगावर जशी बसते तशी तीन मुनिया ब्रोकेड बसत नाही. पुढे वर्षातून दोनदा कुणाच्या मुंजीला, पाडव्याला काढून नेसाविशी वाटेल ती कोणती, ते तुझं तू बघ. माझ्या ओळखीत कितीतरी भरजरी पैठण्या आहेत ज्या लग्नानंतर एकदाही नेसल्या गेल्या नाहीत, 'फार भारी आहे गं' म्हणून. भारी म्हणजे वजनालाच.

दादाला पण थोडं ऐकव. 4,800 वाली सेमी पैठणी म्हणून विकली असती तर मी तिला नावं ठेवली नसती, हळदीला, संगीताला, रिसेप्शनला मामींना आहेर म्हणून मस्त आहे, कुणी भाजी सांडली तरी जीव जात नाही. ती फक्त 'ओरिजिनल येवला' नाही. आणि जे दुकान 4,800 वालीला तोच शब्द लावतं जो 58 वालीला लावतं, त्याच्या शब्दावर 58 ला का विश्वास ठेवायचा, हा प्रश्न तुमच्या तिघांच्याही मनात कसा आला नाही त्याचं मला जरा आश्चर्य वाटतं. मला तर तिथेच कळलं असतं.

येवल्याला जाऊन घ्यावी का असंही तू पत्राच्या शेवटी विचारलंयस. जमत असेल तर जरूर जा, पुण्याहून नगर, शिर्डी, कोपरगाव करत गाडीने सकाळी निघून रात्री परत येता येतं, शिर्डीचं दर्शनही होतं, आई लगेच तयार होईल. पण येवल्यात घेतली म्हणजे हातमागाचीच हे डोक्यातून काढ, तिथल्या दुकानांतही पॉवरलूमचा माल असतो आणि रस्त्यावरच्या मोठ्या शोरूममध्ये भाव पुण्यापेक्षा कमी असतीलच असंही नाही. फायदा एवढाच की गावात विणकरांच्या घरी माग चालू असतात, बसून बघता येतं. आईला एकदा पंधरा मिनिटं मागाशेजारी बसू दे, एका मोराची मान विणली जाताना बघू दे, जाड मानेचा विषय आपोआप संपेल. आणि थेट विणकराकडून घेतलीस तर दिलेल्या पैशातला मोठा भाग त्याच्याकडे जातो, दुकानात 58 दिले म्हणून विणकराला जास्त मिळाले असं समजायचं कारण नाही, बरेचसे विणकर व्यापाऱ्याकडून कच्चा माल घेऊन नगावर मजुरी करतात, वरचा टॅग कितीचा लागला हे त्यांना कळतही नसेल. अडीच महिन्यांत साधी साडी हव्या त्या रंगात विणून मिळू शकते, पण लग्नसराईत माग आधीच गुंतलेले असतात म्हणून या आठवड्यातच फोन कर. ब्रोकेडचा हट्ट असेल तर ऑर्डर देऊ नकोस, तयार असलेल्यातूनच घे.

तर तू काय करायचं? मला विचारशील तर 22 वालीसाठी परत जा, वर सांगितलं तसं उजेडात सगळी उघडून बघ, पदर उलटा कर, लेबलं आणि बिलाचं बोल. सगळं जमलं तर तीच घे. बिलावर लिहून द्यायला नाही म्हणाले तर 22 वालीसुद्धा सोड, आवडली असली तरी. आणि आईला 'तुझं चुकलं' असं सांगू नकोस, तिला फक्त 58 वालीची जाळी आणि 22 वालीची मागची बाजू शेजारी शेजारी ठेवून दाखव, बोट फिरवायला लाव. उरलेल्या पैशांचं दादा म्हणतो तसं फिरायला जा की आईला एक चांगली नारायणपेठ घे ते तुमचं तुम्ही ठरवा, मी आईच्या बाजूने आहे.

रंगाबद्दल तू काही विचारलं नाहीस तरी सांगते, धूपछाव घे, ताणा एका रंगाचा आणि बाणा दुसऱ्याचा, हलली की रंग बदलतो, फोटोत फार सुंदर येते. परफ्युम साडीवर मारायचा नाही, जर काळी पडते. लग्नानंतर सुती मलमलमध्ये गुंडाळून ठेव आणि काही महिन्यांनी घडी बदलत राहा, नाहीतर घडीवरच चिरते. आणि ब्लाउजचं माप आत्ताच दे, कारण मार्गशीर्ष जवळ आला की टेलर फोन उचलत नाहीत.

तुझी,
ताई